रक्त उष्टं होत नाही, वहिनी

वहिनी, परवा संध्याकाळी तुमच्या घरात तुमच्यावरूनच कडाक्याचं भांडण झालं. एका बाजूला भाऊजी, दुसऱ्या बाजूला तुमची मनीषा, आणि नेहमीसारखी मधे मी, तुमची धाकटी जाऊ. तुम्ही असतात तर ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाला असतात, "गो सुजाता, आधी गॅस बारीक कर, मगे भांड." कुणीच म्हणालं नाही. दूध उतू गेलं.

तुम्हाला जाऊन आज दहा दिवस झाले. भाऊजी आणि आमचे हे सकाळीच दहाव्याच्या विधीला बाणगंगेला गेलेत. मनीषा आतल्या खोलीत झोपलीय. घर इतकं गप्प आहे की फ्रिजचा आवाज ऐकू येतोय, आणि गप्प घरात मला बसवत नाही हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून तुमच्याशीच बोलते. ऐकून घ्या. मधे बोलायची सोय आता तुम्हाला नाही, हे एक बरं आहे. बरं कसलं, मेलं.

भांडण रक्तावरून झालं. काल खालच्या हॉलमध्ये आपल्या मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. तारीख आधीच ठरलेली, लिफ्टमध्ये कागद लावलेला, आणि तो कागद तुमच्यासमोरच लावला होता. परवा मनीषा म्हणाली, "उद्या मी खाली जाऊन रक्त देणार. आईच्या नावाने." भाऊजी खुर्चीतून उठलेच. "सुतकात दान? खंय बघितलंस असा? घरात देवाक दिवो नाय आणि तू दान करतलंस?"

तर भांडण ते. कसं मिटलं ते सांगतेच. पण त्याआधी आपलं जुनं भांडण आहे ना, ते पुरं करायचं राहिलंय. ते अर्ध्यावर टाकून तुम्ही दुपारी जेवून आडव्या झालात आणि उठलाच नाहीत. असं कुणी करतं का हो?

मी लग्न करून गिरगावातून लालबागला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझं बारसं केलंत. गिरगावची शहाणी! माशाच्या आमटीत त्रिफळं घालतात हे मला माहीत नव्हतं म्हणून. विमा कंपनीत नोकरी करते, कॉलेजात रक्त दिलंय, इंग्रजी पेपर वाचते, आणि त्रिफळं माहीत नाहीत! चाळीच्या गॅलरीत तुम्ही हे इतक्या जणींना सांगितलंत की पुढे शेजारणी मला नावाने हाकच मारीनात. राग यायचा मला. आता कुणी तसं म्हणेल का, तर नाही. तुमच्याबरोबर ते नावही गेलं.

त्याच वर्षी भाऊबीजेला मी बघितलं. तुमचे दोघे सख्खे भाऊ शिवडीहून आले, ओवाळून घेतलं, वडे-सागोती जेवले, पान खाऊन गेले. ते जिना उतरतात न उतरतात तोच तुम्ही पुन्हा ताट घेतलंत, निरांजनात तेल घातलंत आणि गॅलरीच्या टोकाला गेलात. पश्चिमेला ती बीजेची कोर, नखाएवढी. तिला ओवाळलंत. अक्षता टाकल्यात. मला वाटलं, ही काय भानगड? ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात हे मी आमच्याकडेही बघितलं होतं. पण दोन धडधाकट भाऊ नुकतेच वडे खाऊन गेलेले असताना चंद्र कशाला?

विचारलं तर तुम्ही तांदूळ निवडत बसलात. निवडता निवडता म्हणालात, "मनूच्या येळेक माका रगात चढवल्यानी. कोणाचा, देव जाणे. तेना दिला नसता तर मी नाय आणि मनू पण नाय. तेचा नाव म्हायत नाय, गाव म्हायत नाय. मगे ओवाळू खंय? म्हणान चंद्राक ओवाळतंय."

मनीषा तेव्हा फ्रॉकमधली. ती तुमच्या मांडीला टेकून ऐकत होती. तिने विचारलं, "म्हणजे चांदोमामा माझा खरा मामा?" आणि तुम्ही अगदी सरळ चेहऱ्याने म्हणालात, "होय गो. सख्खो."

मला भरून आलं होतं त्या दिवशी. पण मी गिरगावची शहाणी. भरून आलं की मला काहीतरी शिकवायची हुक्की येते. मी म्हटलं, "मग वहिनी, तुम्ही का नाही देत रक्त? मंडळाचं शिबिर आहे की." तुम्ही निवडलेल्या तांदळातला खडा बघावा तसं माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, "माझ्या अंगात दुसऱ्यान दिलेला हा. उष्टां कोणी कोणाक वाढता? आणि दानात मिळालेला दान करुचा नसता."

मी पुष्कळ लोकांची पुष्कळ कारणं ऐकली होती. आपल्या गॅलरीतच काय कमी होती का? शाकाहारी माणसाच्या रक्तात दम नसतो म्हणून त्याचं घेत नाहीत, असं समोरच्या खोलीतल्या काकू छातीठोकपणे सांगायच्या. बाईचं दर महिन्याला जातंच, तिचं आणखी काय घ्यायचं, हे तर सगळ्याच म्हणायच्या. अहो, पाळीचे दिवस टाळायचे, मूल अंगावर पीत असेल तोवर थांबायचं, एवढंच. कोपऱ्यावरच्या रॉड्रिग्ज आँटी नर्स होत्या, त्या बिचाऱ्या घसा फोडून सांगायच्या की बाई, वजन बरं आहे, रक्त बरं आहे, तर का नाही? त्यांचं कोण ऐकतंय. आणि पुढे आपले भाऊजी! त्यांना साखरेची गोळी लागली त्या दिवशी त्यांचा चेहरा कसा उजळला होता आठवतो? "आता माझा कोण घेणार नाय!" सुईला घाबरतात हे सांगायची लाज, आणि गोळी आयती मिळाली. मी सांगितलं की साखर ताब्यात असेल आणि गोळी नुकतीच बदललेली नसेल तर घेतात. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी जेवणापुरतंच बोलत होते.

पण उष्टं? हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. हे आपल्याच घरात निघू शकतं. ताटात वाढून परत डब्यात घातलेला भात तुम्ही कधी कुणाला दिला नाहीत, देवाच्या नैवेद्याची चव कधी आधी बघितली नाहीत, मीठ कमी असेल तर देव कमी मिठाचं जेवला. तुमच्या हिशेबाने ते अगदी बरोबर होतं. म्हणून तर मला आणखी राग आला.

मी सांगायला बसले. रक्त घेतलेल्या माणसाने वर्षभर थांबायचं असतं, ते खरं. पण ते वर्षभर. जन्मभर नाही. आणि वर, माझी जीभ थांबते कुठे, मी म्हटलं, "अहो वहिनी, तांबड्या पेशी चार महिने जगतात. त्या माणसाचं रक्त केव्हाच संपलं. तुमच्या अंगात आता एक थेंब दुसऱ्याचा नाही. सगळं तुमचं, ताजं."

मला वाटलं, जिंकले.

तुम्ही सूप खाली ठेवलंत. "म्हणजे तो माझ्यात नाय आता?" एवढंच म्हणालात, आणि मोरीत जाऊन उगाच धुतलेली भांडी परत धुवायला लागलात. त्या दिवशी तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी खोटं काहीच सांगितलं नव्हतं, वहिनी. आजही तेच सांगेन. पण एखाद्या बाईने भाऊ म्हणून इतकी वर्षं अंगात सांभाळलेला माणूस आपण असा चार महिन्यांत संपवून टाकू नये, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

मग ते भांडण तसंच पडून राहिलं. शिबिरं येत गेली. चाळ पडली, टॉवर झाला, आपल्याला एकाच मजल्यावर समोरासमोर घरं मिळाली. माझा मुलगा झाला तेव्हापासून माझी साखर बिघडली ती बिघडलीच, इन्सुलिन सुरू झालं, आणि माझं रक्त देणं कायमचं बंद झालं. गोळीवाल्यांना चालतं, सुईवाल्यांना नाही. तुम्हाला ते फार लागलं होतं. "बघ, जेका देवचा आसा तेका देवूक गावना नाय," म्हणालात. मी म्हटलं, "आणि जिला देता येतं ती उष्टं म्हणून बसलीय." तुम्ही हसला नाहीत.

शेजारची एक जण मला म्हणाली होती, इन्सुलिनचं सांगूच नका ना, कोण बघतंय. तुम्ही तिच्यावर अशा भडकलात! "आणि जेका तां रगात जाईत तेचा काय? आणि हिका चक्कर इली तर तू धरतलंस?" तेव्हा मला कळलं की मी बोललेलं तुम्ही सगळं ऐकत होता. मान्य करत नव्हता, एवढंच.

आणि मग तो ब्लाउजपीस!

अहो, आठवलं तरी हसू येतं. सुतकात हसू नये म्हणतात. पण काय करू. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतीणबाईंनी माझी ओटी भरली. घरी येऊन बघते तर हिरवा ब्लाउजपीस, बारीक सोनेरी टिकल्यांचा, आणि कोपऱ्यावर निळ्या शाईचा डाग. तो डाग माझ्या पेनाचा. माझ्या आईने गिरगावातून आणलेला तो तुकडा मी तुमच्या ओटीत घातला होता, मंगळागौरीला. तुम्ही तो कुणाला दिलात, तिने आणखी कुणाला, असं करत करत आख्ख्या लालबागला प्रदक्षिणा घालून तो माझ्याकडे परत आला होता. कुणी शिवला म्हणून नाही. तसाच घडीचा.

मी तो हातात धरून तुमच्या घरात घुसले. तुम्ही कपाट आवरत होता. कपाटात काय, तर ब्लाउजपीस! थप्पीच्या थप्पी. मी म्हटलं, "हे कुठून आले?"

"ओटीत इले."

"आणि कुठे जातात?"

"ओटीत जातत. आणखी खंय जातले?"

"मग हे उष्टे नाहीत? मिळालेलं दान पुढे दान करता?"

"ह्यां वेगळां," तुम्ही म्हणालात. "ओटी ती ओटी. देणाऱ्याचा मन बघूचा. आणि आपण शिवून घातला नाय तर तां उष्टां कशाक..." आणि थांबलात. हातात एक जांभळा तुकडा होता, तो तसाच. मग असं हसू फुटलं तुम्हाला की पलंगावर बसलात. पदराने डोळे पुसता आणि परत हसता. "गिरगावची शहाणी," म्हणालात, "चिंधीयेर जिंकलंस!" मग हसणं थांबलं. खिडकीबाहेर बघत तुम्ही विचारलंत, "म्हणजे तेना दिलेला मी फुडे दिला, तर तां तेचाच फुडे गेला ना?"

मी तोंड उघडलं होतं. पेशी, चार महिने, सगळं तयार होतं. पण नाही बोलले. नुसतं म्हटलं, "शिबिर पुढच्या महिन्यात आहे."

मला घाई होती कारण तुमची साठी जवळ येत होती. पहिल्यांदा देणाऱ्याचं साठीनंतर घेत नाहीत. आधी देत आलेलं असेल तर पासष्टपर्यंत. एकदा का होईना, साठीच्या आत तुमचं रक्त त्या पिशवीत पडायला हवं होतं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा घाबरलेल्या दिसलात. इतकी वर्षं तुम्ही नको म्हणत होता. आता हवं म्हणालात, तर दार लागायला आलेलं.

आणि तुम्ही काय केलंत? शिबिराला सकाळी न्हाऊन, ठेवणीतली साडी नेसून, देवाला नमस्कार करून, उपाशी आलात. संकष्टी होती! मला सांगितलं असतंत तर ना. डॉक्टरने विचारलं, "आजी, काय खाल्लं?" तुम्ही अभिमानाने सांगितलंत, "पाणीसुद्धा नाय." बिचाऱ्याने हात जोडले. तुम्ही वर येऊन माझ्यावरच तणतणलात. "दान काय पोटभर जेवून करतत? सत्यनारायण काय जेवून करतत?" अहो, हे दान जेवूनच करायचं असतं! देवाला उपास चालतो, सुईला चालत नाही. चक्कर येऊन पडला असतात म्हणजे? आता मी काय करणार होते, कपाळ बडवण्यापलीकडे.

पुढच्या खेपेला जेवून आलात. भरपूर. तर बोट टोचलं आणि हिमोग्लोबिन कमी निघालं. इमारतीतल्या बायकांना ते पटेचना. "एवढी अंगाने भरलेली बाई, आणि रक्त कमी?" जसं काही रक्त अंगाच्या मापाने भरलेलं असतं! तुम्ही मुकाट्याने आलात. मग बिटाची कोशिंबीर, बिटाचा रस, बिटाची भाजी. भाऊजी म्हणाले, ह्या घरात आता माझीसुद्धा जीभ लाल झाली. मी तुम्हाला धरून परळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका म्हणून बजावलं. चहा सोडणं तुम्हाला बाळंतपणापेक्षा जड गेलं. रोज जेवण झालं की माझ्या दारात येऊन उभ्या राहायच्या, घड्याळ बघत. "झालो काय गो येळ?" मी म्हणायचे, "नाही." तुम्ही परत जायच्या. पुन्हा यायच्या.

आणि मग घेतलं हो त्यांनी! साठी तोंडावर होती. तुम्ही त्या खाटेवर झोपलात, मुठीत तो मऊ चेंडू, आणि मी तुमच्या पायाशी. सुई लागली तेव्हा तुम्ही डोळे मिटले नाहीत, नळीकडे बघत होता. मग पिशवी बघायला मागितलीत. "केवढासा दिसता," म्हणालात. "एवढ्याशासाठी आयुष्य घालवलंय." आणि रडू लागलात. नर्स घाबरली, दुखतंय का विचारू लागली. मी म्हटलं, नाही हो, त्यांना त्यांचा भाऊ आठवला.

तिथे मिळालेला बिस्किटाचा पुडा तुम्ही खाल्ला नाहीत. वर आणून देवासमोर ठेवलात आणि मग सगळ्यांना एकेक वाटलात, प्रसाद म्हणून. मी ओरडले की ती तुमच्यासाठी होती, रक्त दिल्यावर खायची असतात! तुम्ही म्हणालात, "मगे तू माका दोन दी." दिली.

त्या वर्षी भाऊबीजेला मी मुद्दाम बघत होते. टॉवर झाल्यापासून तुमच्या घरातून पश्चिम दिसत नाही, समोर दुसरा टॉवर. चंद्र दिसतो तो माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. त्यामुळे दरवर्षी तुम्ही ताट घेऊन माझ्याकडे यायच्या. त्याही वर्षी आलात. मी म्हटलं, "आता कशाला? आता फिटलं की." तुम्ही निरांजन लावत होता. "फिटूक तां काय देणां आसा? भाऊ आसा तो माझो." आणि कोर मावळायच्या आत घाईघाईने ओवाळलंत.

मला म्हणायचं होतं, वहिनी, तुमच्यासारखी बाई मी बघितली नाही. म्हटलं काय? तर, "पडदा सांभाळा, पेटेल." इतक्या वर्षांत मी तुम्हाला चांगलं असं कधी म्हटलं का हो? तुम्ही तरी मला कुठे म्हणालात. भाकऱ्या थापता थापता आपण भांडायचो, आणि तेच आपलं काय ते. आता म्हणते. माझी आई गेली तेव्हा मला ज्या हातांनी चार घास भरवले ते तुमचे होते. इन्सुलिनची पहिली सुई मला घेता येईना, तेव्हा माझं पोट चिमटीत धरून "टोच, मी आसंय" म्हणणाऱ्या तुम्हीच होता. मला तुमची सवय झाली होती. नुसती सवय नाही. जीव होता माझा तुमच्यावर. घ्या, म्हटलं एकदाचं.

तर परवाचं भांडण. भाऊजी म्हणाले सुतकात दान नाही. मी म्हटलं रक्ताला सुतक नसतं. ते म्हणाले, तू तुझी गिरगावची अक्कल तुझ्याकडे ठेव. दूध उतू गेलं ते याच वेळी. मी फडकं घेऊन वळले तर मनीषा अगदी हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, मला सुतक किती दिवसांचं?"

भाऊजींनी खुर्चीची पाठ धरली. तीच पुढे म्हणाली,

"लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं. तुम्हीच भटजींना सांगत होतात ना? माहीमला आमच्याकडे चौथ्या दिवशी देवाला दिवा लागला. सासूबाईंनी फोन करून सांगितलं, तू मोकळी झालीस. इथे मी आल्यापासून आईच्या साड्यांत तोंड खुपसून झोपतेय, आणि मी मोकळी! सुतकाला मी परकी ना? मग परकीच उद्या खाली जाणार."

काय बोलली हो पोरगी. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "भाऊजी, नियम वहिनींचाच आहे." वहिनी, तुमचे वडील गेले तेव्हा चौथ्या दिवशी तुम्हीच देवापुढे दिवा लावला होता ना? काडी विझत होती, तुम्ही परत ओढत होता, आणि डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं होतं, नका लावू आज. तुम्ही म्हणालात, नियम तो नियम. भाऊजींना ते आठवलं असणार. ते खुर्चीत बसले. कितीतरी वेळ तुमच्या फोटोकडे बघत होते. मग म्हणाले, "उपाशी जाव नको. तुझी आवस तशीच परत इल्ली."

रात्री मी तिला भरपेट जेवू घातलं. सुतकाचं फोडणी नसलेलं वरण, पण भात दोनदा वाढला. मोबाइल काढून घेतला आणि झोपवलं. सकाळी पुन्हा खाऊ घातलं. एक आई संकष्टीला परत आलेली मी बघितलीय, तिची लेक परत आलेली मला बघायची नव्हती.

खाली गेलो तर तिला नवीनच भीती. "काकी, माझी थायरॉइडची गोळी आहे, मला नाही घेणार." तुमचीच मुलगी, दारात पोचल्यावर कारण काढायचं! डॉक्टर मुलगी तरुण होती. तिने शांतपणे विचारलं, गोळी किती दिवस तीच आहे, तपासणी केव्हा केली, रात्री झोपलात का, काय खाल्लंत. थायरॉइड ताब्यात आहे तर चालेल म्हणाली. बोट टोचलं. हिमोग्लोबिन भरपूर. मला राहवेना म्हणून विचारलंच, "आणि आमच्याकडे सुतक आहे, चालतं का?" तिने फॉर्मवरून मान वर केली. मग म्हणाली, "ते आम्ही विचारत नाही काकू. कोण गेलं?" मी सांगितलं. तिला तुम्ही आठवत होतात. बिस्किटं घरी नेणाऱ्या आजी, म्हणाली.

मनीषा त्याच खाटेवर झोपली. तीच होती का कोण जाणे, मला तीच वाटली. मी पायाशी उभी. सुई लागली तेव्हा तिनेही डोळे मिटले नाहीत. नळी लाल झाली, पिशवी हलत हलत भरू लागली. तिने विचारलं, "काकी, यात आईचं असेल ना थोडं?"

"तू आख्खी तिचीच आहेस गं," मी म्हटलं. ते काही खोटं नव्हतं.

तिने मुठीतला चेंडू दाबला. मग लहानपणी विचारायची तशी म्हणाली, "आणि चांदोमामाचं?"

वहिनी, मी कशी आहे हे तुम्हाला माहीत आहे. तांबड्या पेशी, चार महिने, एक थेंबही उरत नाही, सगळं अगदी जिभेच्या टोकावर आलं. मी तिच्याकडे बघितलं. ज्या बाळंतपणात तुम्हाला रक्त चढवलं त्याच बाळंतपणातली ही पोर, आणि तिच्या हातातून ते पुढे चाललं होतं. कुणाला, देव जाणे. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही.

"आहे तर," मी म्हटलं. "त्याचंच चाललंय."

घ्या. तुम्ही जिंकलात. भाऊबीज अजून लांब आहे, पण निरांजन तुमच्या देव्हाऱ्यातून मी आत्ताच घासूनपुसून माझ्याकडे आणून ठेवलंय. मनीषा माहीमहून येणार आहे. खिडकी मी उघडी ठेवीन, पडदा बाजूला बांधीन, आणि ताट मी धरीन.